चालू आहे ना, मग झालं!

आपल्या घरात सगळ्यात जास्त पैसा छताला जातो आणि सगळ्यात कमी अक्कल वायरीच्या टोकाला लागते. पीओपीचं छत, त्यात रंग बदलणारे दिवे, टीव्हीमागे संगमरवराचा आव आणणारं पॅनल, यातल्या प्रत्येक गोष्टीवरून नवरा-बायकोत चार-चार दिवस अबोला धरला जातो. पण त्याच पॅनलच्या पोटात जिथे इंटरनेटची केबल संपते, तिथे शंभराच्या पिशवीतला कुठला तरी एक पारदर्शक प्लग दाबून बसवलेला असतो. तो कुठल्या वायरीसाठी आहे आणि कुणी, कशाने दाबला, हे घरातल्या एकालाही सांगता येत नाही. वायर बहुतेक वेळा दातांनी सोललेली असते. दिवा लागतो, सगळे माना डोलावतात आणि पॅनल बंद होतं.

माझा राग त्या कारागिरावर नाही. त्याला पॉइंटमागे पैसे मिळतात. प्लग नीट बसवला म्हणून कुणी दहा रुपये जास्त देत नाही आणि बिघडवला म्हणून कुणी कापत नाही. राग आहे तो राउटर घेताना अँटेना मोजणाऱ्या आणि प्लगचा विषय निघाला की "त्यात काय एवढं" म्हणणाऱ्या सुशिक्षित गिऱ्हाइकावर. हेच गिऱ्हाईक पुढे सहा महिने इंटरनेट कंपनीच्या कस्टमर केअरवर तोंडसुख घेतं. दोष त्याच्याच भिंतीत, पॅनलच्या मागे, दोन-चार रुपयांच्या प्लास्टिकमध्ये असतो.

आता कुणी म्हणेल, वायफायच्या जमान्यात हे काय उकरून काढलंत? लँडलाइन गेली, फायबर आलं. आलं ना. फायबर तुमच्या दारातल्या डब्यापर्यंत आलं. त्या डब्यातून फोन निघतो तो आरजे-११ मधूनच. सोसायटीचा इंटरकॉम, ज्यावरून वॉचमन "पार्सल आलंय" सांगतो, तो त्याच सहा खाचांच्या प्लगवर. आतल्या खोलीत वायफाय पोचत नाही म्हणून दुसरा राउटर लावलात, तर त्याला केबल लागते. दारावरचा कॅमेरा, व्हिडिओ डोअरफोन, मुलाचा गेमिंगचा पीसी, सगळ्यांच्या शेपटीला त्याचाच मोठा भाऊ, आठ खाचांचा आरजे-४५. वायरी कमी झाल्या, हे खरं. पण उरलेल्या प्रत्येक वायरीवरचा भार वाढला, आणि ती जोडायची आपली रीत मात्र अजून कर्कश घंटीच्या काळ्या फोनच्या वेळचीच आहे.

ती रीत आली कुठून, तेही सांगतो. आपल्याकडे फोन ही सरकारी टेलिफोन खात्याची वस्तू होती. डीपी बॉक्सपासून रोझेटपर्यंत सगळं लाइनमनचं, दिवाळीला त्याची पोस्त, आणि लाइन बंद पडली की त्याची वाट बघायची. आपण फक्त रिसीव्हर उचलायचा. अमेरिकेतही एके काळी तसंच होतं. तिथली बलाढ्य टेलिफोन कंपनी आपल्या तारेला दुसऱ्याचं यंत्र शिवू देत नसे. १९६८ साली कार्टरफोन प्रकरणाच्या निकालाने ती मक्तेदारी मोडली. पुढे सत्तरच्या दशकात तिथल्या नियामकाने नोंदणीकृत जोडण्यांची पद्धत लावून दिली आणि सामान्य माणसाने बाजारातून फोन आणावा, खट्कन लावावा, असा हक्काचा प्लग घरोघर पोचला. आरजे-११ हा त्या नोंदणीतलाच क्रमांक. आपल्याकडे प्लग आला. तो नागरिकाच्या हातात का दिला गेला, तो विचार तिकडेच राहिला. खात्याचा लाइनमन गेला, त्याच्या जागी फुटकळ इलेक्ट्रिशियन आला, आणि आपण पूर्वीसारखेच कमरेवर हात ठेवून बाजूला उभे.

खरेदीपासूनच बोंब आहे. पुण्यात तापकीर गल्लीत जा नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, संवाद साधारण हाच:

"सॉलिड वायरीचे आरजे-४५ आहेत का?"

"कॅट-सिक्सचे आहेत ना साहेब."

"ते कळलं. पण सॉलिड तारेसाठीचे की स्ट्रँडेडसाठीचे?"

"सगळ्याला चालतात. ओरिजिनल माल आहे."

इथे गिऱ्हाईक गप्प बसतं, कारण फरक त्यालाही ठाऊक नसतो. फरक असा. भिंतीत जाणाऱ्या केबलमधली प्रत्येक तार तांब्याची एकसंध, जाड असते. कॅट-५ई मध्ये साधारण अर्ध्या मिलिमीटरची. टेबलावर लोळणाऱ्या पॅच कॉर्डमध्ये तीच तार बारीक-बारीक तारांच्या जुडग्याची असते, म्हणजे वाकली तरी तुटत नाही. प्लगमधली सोनेरी पिन खाली सरकते तेव्हा तिचे दात आवरण फोडून तांब्यापर्यंत पोचतात. जुडग्यासाठीच्या पिनेला दोन टोकं एका रेषेत असतात. ती जुडग्याच्या मधोमध घुसतात आणि बारीक तारा त्यांना चहूबाजूंनी धरून ठेवतात. एकसंध तारेसाठीच्या पिनेला दात तीन, आणि तेही आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवलेले. ते तारेत न घुसता तिला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात. जुडग्याची पिन एकसंध तारेवर दाबली, तर टोक तांब्यावरून घसरतं आणि कडेला नुसतं टेकून राहतं, नाहीतर तारेला खाच पाडतं. त्या दिवशी सगळं चालतं. पुढे उन्हाळा-हिवाळा जातो, तार सूतभर हलते, आणि मग "रात्री दहानंतर नेट जातं" अशा भुताटकीच्या कथा सुरू होतात. दोन्ही प्रकारच्या तारांना चालतील असे प्लगही मिळतात, पण ते मागावे लागतात, आणि मागण्यासाठी माहीत असावे लागतात.

टेलिफोनच्या बाजूला तर आणखी आनंद. रिसीव्हरच्या पिळाच्या वायरीला चार खाचांचा छोटा प्लग, फोनच्या मागे सहा खाचांचा. त्या सहा खाचांतही पिना दोन, चार किंवा सहा असू शकतात. एका लाइनला मधल्या दोन पुरतात, म्हणजे ६पी२सी. दोन लाइन असतील तर चार पिना; मधली जोडी पहिल्या लाइनची, तिच्या बाहेरची दुसरीची. दुकानात हे सगळंच "फोनचा जॅक" या एका नावाने एकाच डब्यात पडलेलं असतं. चपट्या फोन-वायरीसाठीच्या प्लगची मागची फट चपटी असते, तिच्यात गोल केबल कोंबली की आवरण बाहेरच राहतं आणि आतल्या नाजूक तारांवर सगळा ताण येतो. प्लगच्या मागे एक छोटी पट्टी असते, क्रिंप मारताना ती खाली दबून आवरणाला धरते. आपल्याकडच्या निम्म्या प्लगांत तिच्याखाली आवरण पोचलेलंच नसतं. मोलकरणीने झाडताना वायर ओढली की फोन मुका, आणि बोलणी त्या बाईला.

आणि हा फोनचा प्लग आठ खाचांच्या जॅकमध्ये आरामात शिरतो, हे दुसरं दुर्दैव. शिरतो म्हणून लोक घालतात. त्याचे प्लास्टिकचे खांदे कडेच्या दोन पिनांना वर रेटतात, आणि पुढे त्याच जॅकमध्ये नेटची केबल लावली की त्या पिना तिला धड भेटत नाहीत. शिवाय फोनच्या लाइनवर एरवी ४८ व्होल्ट डीसी असतात आणि घंटी वाजताना ७५ व्होल्टच्या आसपास एसी. लॅपटॉपच्या पोर्टने ते का सोसावेत? तीच चालू वायर दातांनी सोलणाऱ्या महाभागांना मी एवढंच सांगतो, की नेमका त्याच क्षणी आत्याबाईंचा फोन आला तर खुशाली थेट दाढेला कळेल.

त्या ४८ व्होल्टवरून एक आठवलं. एक्स्चेंजमधल्या बॅटरीची धन बाजू जमिनीला जोडायची आणि तारांवर उणे ४८ व्होल्ट ठेवायचे, ही जुनी पद्धत आहे. ओलाव्यात तारेचं तांबं विद्युत-विघटनाने खाल्लं जाऊ नये म्हणून ती पडली. म्हणजे जमिनीखालच्या तारेचं काय होईल याची चिंता करणारे लोक होते. आणि आम्ही? कोकणातल्या, मुंबईतल्या पावसात, बाथरूमच्या खिडकीबाहेर दोन तारांना पीळ घालतो, वर काळी टेप गुंडाळतो आणि घरात येऊन "फोनमध्ये खरखर फार" म्हणतो. २००५ नंतर याच पीळ घातलेल्या जोडांवरून ब्रॉडबँड धावायला लागलं. नुसत्या आवाजाला साडेतीन किलोहर्ट्झ पुरतात, तिथे एडीएसएल एक मेगाहर्ट्झच्या वर जातं. खरखरीत लाइनवर मामाशी बोलता येतं. मोडेम मात्र पहिल्या पावसातच मान टाकतो. तेव्हाही आपण शिव्या घातल्या त्या एक्स्चेंजला.

प्लगच्या पिनेवरचा सोन्याचा मुलामा हा या पावसाशी लढणारा एकमेव शिपाई. चांगल्या प्लगवर तो ५० मायक्रोइंच, म्हणजे सव्वा मायक्रॉनच्या आसपास असतो. स्वस्त पिशवीतल्या पिनांवर सोन्याची नुसती झाक असते. चार वेळा काढ-घाल केली की ती निघून जाते आणि खालच्या धातूला कळंक चढतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच पिवळे दिसतात. पाकिटावर मुलाम्याचा आकडा छापलेला नसेल तर तो प्लग घेऊ नका, इतकं तरी जमावं.

टूलचं सांगून टाकतो. स्वस्त क्रिंपिंग टूल पकडीसारखं एका बाजूने मिटतं, त्यामुळे बिजागरीजवळच्या पिना जास्त दबतात आणि लांबच्या अर्धवट राहतात. चांगलं टूल दोन्ही जबडे समांतर ठेवून सरळ दाबतं, आणि त्यात रॅचेट असतो, म्हणजे पूर्ण दाब बसल्याखेरीज ते उघडतच नाही. नीट दाबलेल्या आठ पिनांच्या प्लगची तिथली उंची ६.०२ मिलिमीटर असावी लागते, ०.१३ इकडे-तिकडे. हे व्हर्नियरने मोजणारा इलेक्ट्रिशियन मी आजवर पाहिलेला नाही. स्क्रूड्रायव्हरने एकेक पिन ठोकणारे मात्र बरेच पाहिलेत, आणि त्यांचं कौतुक करणारे घरमालक त्याहून जास्त. "बघा, टूल नव्हतं तरी केलं त्याने!"

पण या सगळ्यावर कडी करणारी गोष्ट म्हणजे तो आठ हिरव्या दिव्यांचा टेस्टर. केबलच्या दोन टोकांना दोन डबे लावायचे, एक ते आठ दिवे ओळीने लुकलुकतात, आणि कारागीर विजयी मुद्रेने तुमच्याकडे बघतो. त्या डब्याला एकच प्रश्न विचारता येतो: या टोकाची पहिली तार त्या टोकाच्या पहिल्या पिनेला लागली आहे का? बास. केबलमध्ये आठ सुट्या तारा नसतात, एकमेकींना पीळ घातलेल्या चार जोड्या असतात, आणि सगळी करामत त्या पिळात आहे. बाहेरचा गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि पलीकडे वजाबाकीत उडून जातो. या जोड्या पिनांवर १-२, ३-६, ४-५ आणि ७-८ अशाच बसल्या पाहिजेत. ३ आणि ६ यांच्यामध्ये ४-५ घुसलेली बघून माणूस गोंधळतो. पण तो टेलिफोनचा वारसा आहे. मधल्या दोन पिना पहिल्या फोन-लाइनच्या, त्यांना वेढणाऱ्या दोन दुसरीच्या, ही जुनी मांडणी संगणकाच्या जाळ्यांनी मधल्या दोन जोड्यांपुरती तशीच ठेवली.

आता आपला सौंदर्यदृष्टीचा कारागीर काय करतो? पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. किती छान ओळ! दोन्ही टोकांना तीच. टेस्टरचे आठही दिवे हिरवे. पण तिसऱ्या पिनेवर हिरव्या जोडीतली तार आणि सहावीवर निळ्या जोडीतली. दोघींचा पीळ भलत्याच तारेशी. जोडी फुटली. गोंगाट आता उडत नाही, शेजारच्या जोडीत सांडतो. केबल छोटी असेल तर कसंबसं निभतं, लांब असेल तर डेटाची पाकिटं गळत राहतात. मेल येते, व्हॉट्सअ‍ॅप चालतं, आणि व्हिडिओ कॉलवर नातवाचं तोंड चौकोनी होतं. हिरवा दिवा मात्र शपथेवर सांगतो की सगळं ठीक आहे. आमच्या देशात प्रमाणपत्रावर जेवढा विश्वास आहे तेवढा कामावर असता तर बात वेगळी होती.

क्रम दोनच आहेत, ए आणि बी. बी असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ए मध्ये नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल, बाकी तेच. कोणताही घ्या, पण घरभर एकच. आणि पीळ उलगडायचा तो जास्तीत जास्त १३ मिलिमीटर. दोन इंच पीळ सोडून तारा इस्त्री केल्यासारख्या सरळ करणाऱ्याचा हात धरा.

आता ज्याच्यापायी लोक सर्वाधिक फसतात ते सांगतो. तुम्ही ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय, पण केबलवरून स्पीड टेस्ट ९४-९५ च्या वर हलत नाही. कंपनीचा माणूस येतो, फायबरच्या डब्याशी थेट स्वतःची वायर लावून तीनशे दाखवतो आणि निघून जातो; तुम्ही त्याला चोर म्हणता. तो चोर नाही. जुन्या १०० एमबीपीएसच्या इथरनेटला चारपैकी दोनच जोड्या लागत. १९९९ च्या गिगाबिट मानकाला चारही लागतात. एका पिनेने नीट पकड घेतली नाही की अनेक यंत्रं गुपचूप खाली उतरतात आणि १०० वर काम भागवतात. हिशेबाचा खर्च जाऊन हातात येतात ते ९४. म्हणजे तीनशेचे पैसे तुम्ही दरमहा भरता आणि दोन-तृतीयांश वेग दोन रुपयांच्या प्लगला वाहता. याची तक्रार कुठल्याच ग्राहक मंचात करता येणार नाही, कारण तिथे आरोपी म्हणून तुम्हालाच उभं राहावं लागेल.

केबलचीही तीच कथा. बाजारात कॅट-६ म्हणून विकली जाणारी बरीच केबल आतून अ‍ॅल्युमिनियमची असते, वर तांब्याचा पातळ पापुद्रा. तिचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट, ती ठिसूळ, आणि टीआयए आणि आयएसओ या दोन्हींच्या केबल-मानकांत तिला थारा नाही. तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर दुकानदाराच्या तोंडावर मारा. एरवी कदाचित खपलं असतं, पण आता कॅमेऱ्यांना वीजही त्याच केबलमधून जाते. २००३ च्या मानकात ती साडेपंधरा वॅटच्या आत होती. २०१८ च्या मानकात ९० पर्यंत गेली. तेवढा प्रवाह अ‍ॅल्युमिनियमच्या तारेतून, कळंकलेल्या पिनेतून, लाकडी पॅनलच्या मागून. शिवाय आपला बिल्डर पाइप वाचवण्यासाठी २३० व्होल्टच्या वायरी आणि ही केबल एकाच नळीत घालतो. त्याला विचारलं तर म्हणतो, "सगळ्याच साइटवर असंच करतो." खोटं बोलत नाही बिचारा.

तर करायचं काय? माझं मत सरळ आहे: घरात प्लग मारूच नका. भिंतीतली एकसंध तार भिंतीतच, जॅकमध्ये संपवा. भिंतीवरच्या पट्टीत बसणाऱ्या या कीस्टोन जॅकच्या मागे रंगांचा क्रम छापलेला असतो, पीळ शेवटपर्यंत राखता येतो, आणि तार पंच टूलने दोन पात्यांत घट्ट बसते. एक्स्चेंजवाले आणि लाइनमन क्रोनच्या पट्ट्यांवर वर्षानुवर्षं हेच करत आलेत. त्यांना आपण अडाणी समजत होतो. जॅकपासून यंत्रापर्यंत कारखान्यात तयार झालेली पॅच कॉर्ड लावा. ती मऊ असते, तिची पिन तिच्या तारेची असते, आणि खराब झाली तर भिंत न फोडता बदलता येते. छताजवळच्या कॅमेऱ्यासारख्या ठिकाणी थेट प्लग मारावाच लागला, तर तार-प्लग जुळवून, रॅचेटच्या टूलने. तारा समोरून आरपार निघणारे नवे प्लग सोपे वाटतात खरे, पण कापलेली टोकं पिनांच्या खाली उघडी राहतात. बोथट पात्याने कापलीत तर एकीची कुसळं दुसरीला टेकतात.

खर्चाचं रडगाणं ऐकवू नका. चार पॉइंटांचे जॅक, पट्ट्या आणि कॉर्ड मिळून जो आकडा होतो तो तुमच्या छतातल्या एका झुंबराला लाजवणार नाही. अडचण वेगळीच आहे: जॅक पाहुण्यांना दाखवता येत नाही.

इंटिरियरच्या कंत्राटदाराकडून मात्र कामाआधीच लिहून घ्या, की शेवटचा हप्ता प्रत्येक पॉइंट तपासल्यावरच. फरशी घेताना प्रत्येक लादी ठोकून बघता ना, पोकळ वाजते का ते? तसा प्रत्येक पॉइंटला लॅपटॉप लावा. हिरव्या दिव्यांचा डबा बाजूला ठेवायला सांगा आणि पडद्यावर लिंक स्पीड बघा. एक जीबीपीएस दिसला तर पुढच्या खोलीत जा, आणि एखादी मोठी फाइल इकडून तिकडे पाठवून तो वेग टिकतो का तेही बघा. शंभर दिसला तर शेवटचा हप्ता खिशातच राहू द्या. पॅनल उघडायचा खर्च त्याचा, परत पॉलिश मारायचा खर्चही त्याचाच.